टपालवाटेवरचा चौथा थांबा

(पालिकेतला पर्यटन विभाग. निवृत्त पोस्टमन काका खुर्चीच्या कडेवर टेकले आहेत. टेबलापलीकडे त्यांची पुतणी, इथली कारकून.)

काका : मी काय किल्ला आहे का गं, जागचा हलू नये असा?

पुतणी : कागदावर तरी आहात, काका. हे बघा, ‘आकर्षणाचे नाव’. एक, धबधबा. दोन, जुनं घंटाघर. तीन, तुम्ही.

काका : धबधब्याच्या पंगतीला बसवलंस मला!

पुतणी : धबधबा तरी उन्हाळ्यात आटतो. तुम्हाला तेवढीही सुट्टी नाही. पाच वर्षं, दर रविवारी, टपालवाट मूळ पोस्टमननं स्वतः चालून दाखवायची. निधीची अटच आहे ती. आणि सही तुमची आहे.

काका : तू म्हणालीस, काका, इथे करा. मी केली. जन्मभर लोकांच्या सह्या घेतल्या, वाचून करा म्हणून बजावलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा आंधळा झालो.

पुतणी : दोन वर्षं झालीसुद्धा. तीनच राहिलीत.

काका : लेक बोलावतेय. माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. म्हणते, बाबा, आता पुरे झाली पायपीट.

पुतणी : जाऊन या ना चार दिवस. रविवारच्या आत परत या म्हणजे झालं.

काका : चार दिवस नाही. कायमचं जायचंय.

पुतणी : कायमचं गेलात तर निधीचा शेवटचा हप्ता अडकला म्हणून समजा. पुलाचे नुसते खांब उभे आहेत ओढ्यात. तीस वर्षं पलीकडच्यांनी अर्ज केले, आणि ते अर्ज लिहून कोण द्यायचं? तुम्हीच! ‘वस्ती फक्त अकरा घरांची’ असा शेरा मारून दर वेळी परत. पर्यटक येणार म्हटल्यावर एका बैठकीत मंजूर.

काका : घरचे बुडाले तरी चालतील, पाहुण्यांचे बूट भिजायला नकोत.

पुतणी : असेना का तसं. पूल तर होतोय!

काका : मग दुसरा कुणी पाठव. माझी पिशवी देतो त्याला, टोपी देतो.

पुतणी : ‘मूळ पोस्टमन’ लिहिलंय. गुडघे दुखतायत का? वाटेत बाक टाकायला सांगते.

काका : गुडघ्यांना काय झालंय? तो चौथा थांबा काढून टाक, मी राहतो.

पुतणी : आमचं घर?

काका : हो.

पुतणी : अहो, त्या थांब्यावर तर सगळा पूल उभा आहे! दगडात कोरलंय तिथे. ‘ओढ्याला पूर आल्याने तार दोन दिवस उशिरा पोचली आणि बाईला नवऱ्याचे शेवटचे तोंडही पाहता आले नाही.’ समितीतले एक साहेब डोळे पुसत होते.

काका : तेच सांगतो मी उभा राहून. एखादी बाई माझाच हात हातात घेते. आणि आतून वहिनी दार लावून घेते.

पुतणी : आईला बाबांची आठवण येत असेल.

काका : पूर नव्हता गं.

पुतणी : म्हणजे?

काका : ओढ्यात घोटाभरही पाणी नव्हतं. त्या साली पाऊसच झाला नाही.

पुतणी : पण फॉर्म भरताना मी विचारलं होतं. तार उशिरा का, पूर होता का? तुम्ही मान हलवलीत!

काका : मान हलवली की तू पुढच्या रकान्याकडे वळलीस. सुटलो, असं वाटलं.

पुतणी : मग दोन दिवस तार होती कुठे?

काका : माझ्या पिशवीत. तू पाच दिवसांची होतीस. सख्खा भाऊ परगावी कारखान्यात वारला, हे मीच पहिल्यांदा वाचलं, आणि मीच नेऊन द्यायचं. अलीकडच्या काठावर बसून राहिलो. म्हटलं, उद्या देऊ. उद्याही पाय उचलला नाही. लोकांना सांगितलं, तारच उशिरा आली. तोवर तिकडच्यांनी सगळं उरकलं होतं.

पुतणी : चाळीस वर्षं झाली, काका.

काका : चाळीस वर्षं निदान गप्प बसता येत होतं. आता इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोललो तर पूल जातो. खोटं बोलायचं तर तिच्याच उंबऱ्यापुढे. मला जाऊ दे, बाई. खरंच सहन होत नाही.

पुतणी : थांबा जरा. पुरावा म्हणून ती तार जोडलीय इथे. आईनंच ट्रंकेतून काढून दिली. हा आपल्या पोस्टाचा शिक्का... सोमवारचा आहे. आणि खाली पेन्सिलीनं तिचं अक्षर. ‘बुधवारी मिळाली.’

काका : म्हणजे वहिनीला...

पुतणी : आमच्या खिडकीतून ओढा दिसतो, काका. पूर होता की नव्हता, तिला कुणी सांगायला हवं?

काका : तरी तिनं या कागदावर सही केली?

पुतणी : घरासमोर थांबा करायचा तर मालकिणीची संमती लागते. चष्मा लावून, दोनदा वाचून केली.

काका : काही म्हणाली?

पुतणी : ‘पूल होऊ दे,’ म्हणाली. ‘पण ती गोष्ट भावोजींनीच सांगायची. दर रविवारी.’ मला वाटलं, तुमचं कौतुकच करतेय.