चारची का तीन-नऊची

…अन वरून माहा पोरगा मले म्हणते, "बाबा, तुमी जुन्या जमान्यातले हा, चारची घेसान त पस्तावसान." पस्तावसान म्हणे! पंधरा दिवस, राजेहो, तुमाले सांगतो, पंधरा दिवस आमच्या घरात दुसरी गोष्ट नाही… चहा पेताना तेच, ढोराले पाणी पाजताना तेच, जेवाले बसलो त भाकरीवर हात अन तोंडात तेच. चारची घ्या का तीन-नऊची घ्या?

थांबा, तुमाले बराबर सांगतो. शेलूबाजारच्या अलीकडं माहं चार एकर वावर, सारा चना. अन चना म्हटला का डुक्कर आलंच, हे तुमाले काय सांगाव. खाते कमी, उकरते जास्त. माह्या बापाच्या वेळची रायफल हाय, लायसन माह्या नावावर झालं, जंगलखात्याची परवानगी काढली… कागद सारे हायेत, नाही ते नजर! नळीच्या टोकावर ती बारीक मक्खी असते ना नेम धराची, ते मले दिसत नाही. मक्खी पाहाव त डुक्कर धुरकट, डुक्कर पाहाव त मक्खी गायब. म्हणून म्हटलं, नळीवर दुर्बीण बसवू. एवढंच म्हटलं बाप्पा म्या, काही पाप केलं काय?

अकोल्याले गेलो दुकानात. तो दुकानदार मोठा गोड बोलणारा. म्हणते, "काका, फिक्स पावर देऊ का व्हेरिएबल?" म्या म्हटलं, बावा, मले समजंन असं सांग. तर त्यानं दोन दुर्बिणी काढून मांडल्या. एक चारची. म्हणजे वस्तू चारपट जवळ दिसते, बस… फिरवाचं नाही, दाबाचं नाही. दुसरी तीन-नऊची. तिले एक कडी असते, अशी फिरवली का तीनपट, आणखी फिरवली का नऊपट. म्या विचारलं, चांगली कोणती? तर म्हणते, "ते तुमच्या गरजेवर आहे." घ्या! मले गरज मालूम असती त तुले कायले विचारलं असतं?

तसाच घरी आलो. इकडं विकास, माहा पोरगा, त्यानं मोबाइलमधी शंभरेक व्हिडिओ पाहून टाकले. म्हणते, "बाबा, नऊवर केलं का डुकराच्या मिशा मोजून घ्या." मले त्याच्या मिशा कायले पाह्यजेत? त्याच्या घरी सोयरीक कराची हाय काय? तिकडं चंपत, माहा दोस्तदार, मिलिटरीतून रिटायर झालेला, तो डोळे बारीक करून म्हणते, "इंद्रभान, ऐन टायमावर बोट घोड्यावर पाह्यजे, कडीवर नाही. चारची घे अन मोकळा हो." दोघंही बराबर! हीच त पंचाईत हाय ना, दोघातला एक बेअक्कल असता त काम सोपं होतं.

माह्या बायकोले विचारलं. सोजरबाई चुलीवर भाकरी टाकत होती, तिनं वर पाह्यलंही नाही. म्हणे, "एवढं जवळ पाहून करता काय? डब्बा वाजवा, पळते ते." अन मंग ती पुढं काहीतरी सांगून राह्यली होती. माह्या पोटाचं होतं काहीतरी… मले महिनाभरापासून पोटाचा तरास, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन आतडं जळलं म्हणे. खर्रा सोडाची शपथ बी घातली होती तिनं. पण म्या काही आयकलंच नाही. माह्या डोक्यात तेच चालू, चारची का तीन-नऊची.

शेवटी पोराची जिद्द, तीन-नऊची आणली. दुकानाच्या मिस्तरीनं नळीवर बसवून देली. अन आता माही अक्कल पाहा. कडी नऊवर फिरवली अन तठीच ठेवली. काहून? अहो, नऊचे पैशे देले! नऊचे देऊन तीनवर पाहाले मी काय येडा हाव? आपल्याकडं असंच हाय ना, पाचचा पंखा घेतला का थंडीतही पाचवरच चालवतो आपुन.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मचाणावर जाऊन बसलो. धुकं होतं थोडं. चना सारा दवानं ओला. अन धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या बाजूनं चना हालला.

दुर्बीण डोळ्याले लावली. कथ्थी पाठ! वाकलेली, खरबडीत, हळूहळू पुढं सरकून राह्यली. डोकं नाही, पाय नाही, निस्ती पाठ… नऊवर किती दिसते? खिडकीच्या फटीतून पाहा, तितकं. म्या म्हटलं, आलं. बोट घोड्यावर गेलं. आता नऊवर अशी गंमत असते, वस्तू नऊपट अन हाताचं थरथरणंही नऊपट. पाठ दिसे अन निसटे, दिसे अन निसटे. एकदा निसटली ते सापडेच ना. मले असा राग आला त्या कडीचा, त्या दुकानदाराचा, पोराचा… शिव्या देत देत कडी फिरवली अन तीनवर आणली. निस्तं ते कुठी गेलं पाहाले. बाकी काही शहाणपणा नव्हता त्यात.

तीनवर सारं वावर दिसलं. धुरा दिसला. धुऱ्यावर पाणी भराचा पितळी गंज दिसला. गंजाजवळ चपला, जोडीनं काढून ठेवलेल्या. अन चन्यात कथ्थी शाल पांघरून, वाकून, पांढरं फडकं चन्यावरून फिरवून राह्यलेली… माही सोजर.

आंब काढून राह्यली होती, राजेहो. तुमाले मालूम हाय, पहाटे चन्यावर दव असते, ते आंबट असते, फडक्यात टिपून पिळाव लागते. पोटाले अकसीर औषध. त्या दिवशी भाकरी टाकताना ती तेच सांगत होती मले, पहाटेची आंब आणून देते म्हणून!

म्या काडतूस काढलं. तेवढं काढाले मले किती वेळ लागला, ते सांगता येत नाही. मंग तसाच बसून राह्यलो. तिनं खालून पाह्यलं अन हाक मारली, "आवो, उतरा ना. ताजी हाय तवरच घ्या." उतरलो. वाटीभर आंब घटाघटा पेलो. ती म्हणे, आज तोंड कसं वाकडं नाही केलं? तिले आजवर सांगतलं नाही.

विकासले अन चंपतले मात्र सांगतलं, पोटात मावत नव्हतं म्हणून. विकास म्हणते, "पाहा बाबा, तीनवर आणता आली म्हणून आई वाचली. चारचीत हे जमलं असतं?" चंपत म्हणते, "चारची असती त वहिनी पह्यल्याच नजरेत दिसली असती." अन लागले भांडाले! मी आपला मधात बसून. मले कळून राह्यलं होतं का गोष्ट कडीची नाहीच. मी डुक्कर पाहाले बसलो होतो, म्हणून मले डुक्कर दिसलं. त्याले कोणती दुर्बीण काय करंन?

तेवढ्यात इलेक्शन लागलं. आचारसंहिता! लायसनवाल्यायनं बंदुका ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस आली. सारे कुरकुर करत, ऐन चन्याच्या टायमाले म्हणून. मी लायनीत पह्यला. पोलीस म्हणे, "काका, एवढी घाई?" अन दुर्बीण त्यानं काढून माह्या हातात देली, "हे लायसनवर नाही, घरी न्या." इलेक्शन झालं, गुलाल बी धुऊन गेला. बंदूक घेऊन जा म्हणून दोनदा निरोप आला. जाईन म्हणतो… जात नाही.

आता आमचं असं हाय. सोजर मचाणावर दुर्बीण घेऊन बसते अन मी वावरात डब्बा घेऊन फिरतो. ती वरून वरडते, "डावीकडं, डावीकडं, बोरीजवळ!" अन मी बडवत पळतो. चना बराचसा वाचला, खोटं कायले बोलू.

अन कडी? सोजर नऊवरच ठेवते. परवा बोरीच्या मागं बसून म्या खिशातली पुडी काढली, चिमूटभर तोंडात टाकली नाही तोच वरून आवाज, "विकासचे बाबा, थुका तो खर्रा!"

थुकलो. काय करता… तिले नऊवर बी मीच दिसतो ना.