शंभर बैठका

पुन्हा तोच किस्सा सांगाले लावता काय बे? ऐका. शुगर निघाली तवा डॉक्टर म्हणाला, व्यायाम करा, पण हळूहळू. आमच्या गावचा जुना पहेलवान सलीम म्हणे, "आज दहाच बैठका मार." मी म्हटलं, "तू फक्त मोज." शंभर मारल्या.

सकाळी बसता येईना, वाकता येईना. वावरात बीटी कपाशी सारी एकदमच फुटलेली, वरून आभाळ आलेलं.

सलीमले विचारलं, "मले थांबवलं काऊन नाही?"

"तू थांबशील म्हणून मोजून राह्यलो होतो."

"अन् तू मोजणं थांबवशील म्हणून मी मारून राह्यलो होतो बे!"

दोन दिवस त्यानंच माझ्या बायकोसंगं कापूस वेचला. मी बांधावर उभा. कापूस कोरडा घरी आला. माफी मात्र अजून मागितली नाही त्या सलीमनं.