आमचं टेबल मंडळानं नेलं

आणि वर मलाच म्हणतात, काका, एवढ्याशा टेबलाचं काय लावून धरलंय. एवढंसं? तुम्हाला सांगतो, आठ माणसं जेवतात त्याच्यावर, कोपराला कोपर लागत नाही. मी केलंय ते. आयुष्यभर सुतारकी केली, लोकांची कपाटं केली, लोकांचे पलंग केले, स्वतःच्या घरासाठी धड अशी एकच वस्तू केली, ती ही. लाकडात लाकूड बसवलेलं, वर पाचर ठोकलेली, खिळा नाही. एकसुद्धा नाही. आणि ते टेबल, ऐन डिसेंबरात, मंडळाला द्यायचं... मी नाही दिलं. आमच्या हिनं दिलं. मी आत दाढी करत होतो, तोंडाला साबण तसाच, खडखडाट कसला म्हणून बाहेर आलो तर दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या आणि खोलीत टेबल नाही. फरशीवर चार पायांचे चार डाग तेवढे ठेवले होते.

मी एकच विचारलं. टेबल कधी येणार?

ही म्हणाली, "अहो, येईल की. रक्तदान आहे."

आता रक्तदानाला नाही कोण म्हणणार? तिथंच तर मंडळ माणसाला पकडतं.

तुम्हाला सांगतो, अकरा महिने आमच्या गल्लीत काही म्हणजे काही होत नाही. कोपऱ्यावरचा दिवा गेला की गेला, नळ गळायला लागला की गळतो, कोणी विचारत नाही. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की एकदम सगळ्यांच्या लक्षात येतं, अरे, वर्ष संपलं, आपण तर काहीच केलं नाही. मग काय, वर्षाचं सगळं समाजकार्य आठवड्यात कोंबायचं. सकाळी आरोग्य, दुपारी कला, संध्याकाळी गाणी, आणि ह्या सगळ्यांना टेबल लागतं. माणूस नसला तरी चालतो. टेबल पाहिजे.

आमचे सेक्रेटरी आहेत, त्यांना सगळी गल्ली 'हॅलो-हॅलो' म्हणते, कारण ते माईकशिवाय बोलले तरी आधी गळ्याजवळ हात नेतात. त्यांनी एक नियम केलाय. मंडळानं कोणाचीही वस्तू आणली, की ज्यानं ती शेवटी वापरली त्यानं ती परत पोचवायची. ऐकायला किती सरळ. पण मला सांगा, डिसेंबरात शेवटचा कोण? रक्तदानवाल्यांच्या हातातून टेबल चित्रकलेच्या बाईंनी घेतलं, बाईंकडून म्हाताऱ्यांच्या वाढदिवस क्लबानं घेतलं, क्लबाकडून गाणाऱ्यांनी, आणि प्रत्येक जण मला म्हणतो, काका, आमच्यानंतर ते दुसऱ्यांकडे गेलं हो. म्हणजे देणारे सगळे, आणणारा कोणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, आठवडाभर जमिनीवर जेव, मोडतोस का? मी जेवेन. मी चाळीत जमिनीवरच वाढलो. पण मला ते रविवारी पाहिजे होतं. त्या रविवारी माझी दोन्ही मुलं जेवायला येणार होती.

हे नीट ऐका, कारण सगळं ह्याच्यावर आहे. दोन वर्षं झाली, थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून? ह्याच टेबलावर जेवताना, धाकट्याच्या सासऱ्यांसमोर थोरला त्याला म्हणाला, तुला कधी कळणार रे, आणि धाकटा ताटावरून उठला. एवढंच. तेव्हापासून एक आला की दुसरा येत नाही. चपला बघतात दारातल्या. भावाच्या चपला दिसल्या की दारातूनच परत. आमची ही दोन वर्षं फोनवर रडते आहे, आळीपाळीनं, एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे, आणि कसंबसं दोघांनी कबूल केलं, रविवारी येतो. सुना-नातवंडं नंतर, आधी तुम्ही दोघं. आणि मी मनाशी ठरवलं होतं, जिथून उठला तिथंच बसवायचा. त्याच टेबलाशी. मला बोलता येत नाही असलं काही, समजूत वगैरे. मला बसवता येतं. सांधा निखळला की कोपरा जुळवायचा, दाबायचा आणि सोडायचा नाही, एवढंच मला येतं.

म्हणून मी एकच विचारत होतो. टेबल कधी येणार?

बुधवारी गेलो मंडळाच्या हॉलवर. चित्रकलेच्या बाई भेटल्या, फार गोड बाई. "काका, मुलांनी इतका आनंद लुटला!" टेबलावर बघतो तर एक निळा हत्ती. कागदावरून उतरून लाकडावर आलेला. बाई म्हणतात, धुतला की जातो. मी म्हटलं, बाई, हत्ती जातो का कुठं सहजासहजी? त्या हसल्या. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो.

शुक्रवारी परत गेलो. टेबलावर गरम कपड्यांचा ढीग, गरजूंसाठी. ढिगाखालून एक पाय दिसत होता, तेवढी ओळख पटली. हॅलो-हॅलोंना गाठलं. ते म्हणाले, काका, रविवारी बक्षीस समारंभ झाला की पहिलं काम तुमचं टेबल. मी म्हटलं, रविवारी दुपारी मला जेवायला पाहिजे. ते म्हणाले, मग इथंच या की जेवायला, सगळी गल्ली आहे. आता ह्या माणसाला काय सांगायचं? घरचा तिढा काय माईकवर सोडवायचा?

आणि घरी विचारावं तर ही घरी कुठं? ती महिलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीला. तिथून ती वाढदिवस क्लबात. मी म्हटलं, अगं, रविवारी पोरं येतायत ना, तूच तर रडत होतीस. तर म्हणते, अहो, रविवारसाठीच तर सगळं उरकून घेतेय. उरकून घेतेय! आणि नव्या कामाला 'हो' म्हणून येतेय.

रविवार उजाडला. ही स्वयंपाक उरकून विक्रीचा हिशोब द्यायला गेली, आत्ता येते म्हणून. थोरला आला. धाकटा आला. चपला बघितल्या आणि तरीही आत आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. थोरला खिडकीशी उभा, धाकटा दाराशी, मध्ये रिकामी फरशी. दोघं त्या चार डागांकडे बघतायत. कोणी तरी मेल्यासारखं.

थोरला मला म्हणाला, "बाबा, टेबल कुठंय?"

म्हटलं, हॉलवर. जा, घेऊन या. दोघं मिळून.

आणि गेले हो. तुम्हाला सांगतो, गेले. पुढं थोरला, मागं धाकटा, मध्ये चार हात अंतर, त्यांच्या मागं मी. मला वाटलं, जमलं. टेबल उचलायचं तर एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, म्हणजे एकमेकांकडे तोंड करूनच चालावं लागतं. अबोला धरून टेबल उचलता येत नाही. येतं का? उचल, थांब, डावीकडे, सांभाळ, काहीतरी बोलावंच लागतं.

हॉलवर बक्षिसं वाटून झाली होती. टेबलाच्या कडेला मंडळाचा फलक लावलेला. कशानं लावलेला? खिळ्यांनी. मी मोजले नाहीत. मी मान फिरवली. फलक खाली काढला आणि म्हटलं, उचला.

बोलले. "धर." "धरलं." दोन वर्षांनी हे दोन शब्द. मी मागं येत होतो, माझे डोळे... जाऊ द्या.

मोठं दार स्टेजनं अडवलेलं होतं. म्हणून बाजूच्या दारानं काढायला गेले आणि तिथं अडकलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. थोरला बाहेरच्या बाजूला, धाकटा आतल्या. थोरला म्हणतो, आडवं कर, आधी पाय दाराबाहेर घेऊ. धाकटा म्हणतो, आडवं कशाला, पाचर ठोकून काढू, पाय सुटे होतात. थोरला म्हणतो, हात लावू नको पाचरीला, बाबांचं टेबल आहे, मोडशील. धाकटा म्हणतो, मला माहीत आहे, मी बाबांच्या शेजारी बसून बघितलंय, तू कुठं होतास तेव्हा? मागं गल्ली जमलेली, बक्षिसाचे कप हातात घेऊन, बाहेर कोणाला जाता येईना. हॅलो-हॅलो गळ्याजवळ हात नेऊन म्हणतायत, शांतता राखा.

आणि मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. धाकटा म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा. कोणाचं बरोबर?"

मला माहीत होतं. माहीत नसायला काय झालं? मीच केलंय ते. पाचर काढली की पाय सुटतात, एका ठोक्याचं काम आहे. धाकट्याचं बरोबर होतं. पण सगळ्या गल्लीसमोर धाकट्याचं बरोबर म्हणालो असतो, तर थोरला दाराच्या पलीकडे उभाच होता, तसाच चालता झाला असता. आणि थोरल्याचं म्हणालो असतो तर धाकटा पुन्हा उठला असता, ह्या वेळी न जेवताच. लाकडाबद्दल कोणी विचारलं आणि मी उत्तर टाळलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. म्हटलं, दोघं मिळून बघा. तर दोघांनी एकाच वेळी टेबल सोडलं. थोरला बाहेरच्या बाहेर गेला, धाकटा स्टेजवरून उडी मारून मोठ्या दारानं.

मग मी पाचरी काढल्या. ठोक, ठोक. टेबल सुटलं. वाढदिवस क्लबाच्या म्हाताऱ्यांनी तुकड्यातुकड्यांनी घरी आणून दिलं, निळ्या हत्तीसकट. ही तोवर आली होती, स्वयंपाक गार. आठ जणांच्या टेबलावर आम्ही दोघं बसलो. कोपराला कोपर लागायचा प्रश्नच नाही.

संध्याकाळी थोरल्याचा फोन. "बाबा, खरं सांगा, माझं बरोबर होतं ना?" आता काय सांगू? पोराचा आवाज असा, लहानपणी ताप आल्यावर असायचा तसा. मी म्हटलं, तुझंच बरोबर होतं.

फोन ठेवतो न ठेवतो तो धाकट्याचा. तोच प्रश्न. मी म्हटलं, तुझंच.

दोघंही खूश. दोघंही म्हणतात, बाबा, पुढच्या रविवारी येतो, फक्त माझं बरोबर होतं हे त्याला तुम्ही एकदा सांगा. ही पदर डोळ्याला लावून म्हणते, "अहो, बघा, दोघं यायला तयार झाले. एकाच दिवशी बोलावू या का?"

मी म्हटलं, नको. आता ते दोघं एकत्र बसले तर उठावं मलाच लागेल.