रामनगरला निघालेला रेडिओ

राजा घाटावर रामनगरच्या नावेची वाट पाहताना इरावतीच्या कानावर मराठी पडलं. बदली होऊन काशीत आल्यापासून पहिल्यांदाच. मागच्या पायरीवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर दूरच्या माणसांशी संदेशांची देवाणघेवाण करायचा जुना हॅम रेडिओ होता.

“कॉलेजला द्यायचा ठरलाय ना?” आजी म्हणाल्या. “मग असा घट्ट काय धरलाय?”

“देतोय की.”

“आता त्यावर नुसती खरखर येते.”

“रत्नागिरीचा यज्ञेश यायचा त्यावर रोज सकाळी.”

“त्यांना मोबाइल लावा.”

“नंबर कधी घेतलाच नाही. रोज भेटायचो ना. आता घरही बदललंय म्हणे.”

“आवाज कसा होता त्यांचा?”

“आवाज नाही ऐकला कधी. मोर्सची टकटक फक्त. पण बकुळ, हात ओळखतो मी त्याचा. दुसरं कुणी बसलं तर लगेच कळेल.”

“आणि तुम्ही बाजारात गेलात, नेमके तेव्हाच ते आले तर?”

आजोबांनी रेडिओ आणखी जवळ ओढला. नाव घाटाला लागली, मल्लाहाने हाक दिली.

“भैया, आप चलिए,” आजींनी त्याला सांगितलं आणि नवऱ्यापुढे तळहात धरला. “दाखवा. त्यांची टकटक कशी असायची?”