मी नाही हो, ती ग्रंथी!

…आणि वर मलाच विचारते, "काका, चिडचिड कधीपासून आहे? तारीख सांगा!" आता तुम्हीच सांगा, चिडचिडीला कधी तारीख असते का? मी म्हटलं, बाई गं, जन्मतारीखच लिही, घोळ नको! तर तिनं खरंच लिहायला घेतली हो!

ती म्हणजे कोण, ते सांगतो. सगळंच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस आल्या आल्या भांडायला लागला. मी भांडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसलो की हो! तिकडून माणूस कोकलायचा, "तीन दिवस नळाला पाणी नाही!" आणि इकडून मी म्हणायचो, "नोंद घेतली. पुढचा!" घेतली म्हणजे घेतली. तो कागद डावीकडच्या ट्रेमध्ये. ट्रे भरला की कपाटात. कपाट भरलं की… छे, कचेरीतलं कपाट कधी भरतं का?

तर तुम्हाला सांगतो, दीड-दोन वर्षांपूर्वी माझी हाडं दुखायला लागली. साधीसुधी नाही, आतून, कुणीतरी पोखरतंय अशी. घरी सांगितलं, हाडं दुखतात. बायको म्हणाली, "वय झालं." म्हटलं, थकवा येतो. "वय झालं." म्हटलं, विसरायला होतं. "हे सकाळीच सांगितलंत." आता यावर माणसानं चिडायचं नाही तर काय आरती करायची? मग एक दिवस मूतखडा झाला. मूतखड्याला कुणी वय झालं म्हणत नाही हो! मी फरशीवर लोळलो, तेव्हा कुठं घराला वाटलं, याला काहीतरी होतंय.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागदाकडे असे बघत बसले, जणू नापास पोराचं प्रगतिपुस्तक. "कॅल्शियम फार वाढलंय." मग त्यांनी एका कागदावर माझी मान काढली. मान कसली, दुधी भोपळाच काढला, पण जाऊ दे. त्यावर चार ठिपके. म्हणाले, "गळ्यात थायरॉइडच्या मागे या चार ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे यांचं काम. तुमची एक जास्त काम करतेय. हाडांतलं काढून काढून रक्तात ओततेय." घ्या! माझ्या अख्ख्या अंगात जास्त काम करणारी एकच वस्तू, आणि ती नेमकी ही! पुढे म्हणाले, "हाडदुखी, खडे, थकवा, विसराळूपणा… आणि चिडचिडही त्यामुळे असू शकते."

चिडचिडही! मी एकदम ताठ बसलो. 'असू शकते' म्हणाले ते. मी त्यातलं 'असू शकते' तिथंच टेबलावर ठेवलं आणि 'आहे' घेऊन घरी आलो. दारातनंच ओरडलो, "ऐकलंस का! मी नाही हो, ती ग्रंथी!"

आता यात बायकोची बाजू सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला त्या बॅगेचं कळायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी हिची बहीण आली होती, आणि चहात साखर जास्त झाली म्हणून मी कप आपटला. फुटला. बहिणीच्या साडीवर चहा. हिनं तुकडे गोळा केले. दुसऱ्या दिवशी बघतो तर कपाटावर एक निळी बॅग. उचलून बघितली तर गच्च भरलेली. "ही कशाला?" "असू दे." बस. अकरा वर्षं ती बॅग तिथंच. मी आवाज चढवला की ही भांडत नाही, रडत नाही, नुसती वर बघते. तुमच्या घरी कुणी असं वर बघतं का हो?

तर ग्रंथीचं ऐकून ही म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी ग्रंथीबरोबर संसार केला?" म्हटलं, अगदी तसंच! "आणि ऑपरेशन करून ती काढता येते?" येते की! "बरं. काढून टाका. मग उरेल तो कोण आहे, ते मला बघायचंय. तोही असाच निघाला…" आणि बघितलं वर.

तोंडचं पाणीच पळालं माझ्या. कारण तुम्हाला म्हणून सांगतो, मलाही ठाऊक नव्हतं हो, उरेल तो कोण आहे ते!

आणि इथं ते संशोधन आलं. त्या रुग्णालयात याच ग्रंथीवर अभ्यास चालू होता. अर्ध्या लोकांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांवर वर्षभर नुसतं लक्ष ठेवायचं आणि मग बघायचं, कुणाचं काय होतंय. कुणाला कुठल्या गटात टाकायचं हे डॉक्टर नाही, कंप्युटर ठरवणार. मीही नाव दिलं. पाकीट फोडलं. मी लक्ष ठेवण्यात! हिचा चेहरा पडला. माझाही पडला, म्हणजे मी पाडला. आतून… वर्षभराची सबब हो! रुग्णालयाच्या शिक्क्यासकट! टॉवेल ओला राहिला, ओरडलो. मी नाही हो, ती ग्रंथी! मेव्हणीला फोनवर वाट्टेल ते बोललो. मी नाही हो, ती ग्रंथी! कचेरीत साहेबांच्या अंगावर धावून गेलो, म्हटलं, साहेब, मी अभ्यासात आहे!

आणि ती तक्तेवाली! मघाशी सांगत होतो ती. दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली, दोन खुर्च्या, एक वजनकाटा, आणि मांडीवर तक्ता घेतलेली ही मुलगी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, या वर्षात तुम्हाला जी जी तक्रार होईल ती सगळी सांगायची. बारीकसारीक असली तरी. अभ्यासाशी संबंध नाही असं वाटलं तरी. मला सगळं लिहावंच लागतं." लिहावंच लागतं! बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी घेतल्या, पण कुणी मला म्हणालं होतं का, की बाबा रे, तुझी सांग? आणि कशी लिहायची! तक्रार काय, कधी सुरू झाली, किती तीव्र, अजून चालू आहे का, कारण काय असावं. पाच रकाने! मी म्हटलं, तुमच्या जिन्याला कठडा नाही. "काका, शरीराची सांगा." म्हटलं, शरीरच चढतं ना जिना? हसली, आणि 'जिना चढताना गुडघेदुखी' असं लिहिलं. मागच्या खेपेच्या तक्रारी तोंडपाठ तिला. "काका, तो डावा अंगठा कसा आहे?" अहो, अंगठा बरा झाला होता, पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी दुखवला!

तिथलं सगळं आवडायचं मला, फक्त एक ते लघवीचं सोडून. चोवीस तासांची लघवी गोळा करायची. सकाळची पहिली सोडून द्यायची आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंतची थेंबन् थेंब एका पाच लिटरच्या कॅनमध्ये. कॅन थंड ठेवायचा. थंड म्हणजे कुठं? घरात थंड जागा एकच! ही फ्रिजसमोर हात आडवे करून उभी. "ग्रंथी फ्रिजबाहेर!" शेवटी बर्फाच्या बादलीत ठेवला, आणि दर तासाला बर्फ कोणी बदलला? हिनं. मी काय केलं? ओरडलो, की बर्फ कमी आहे. मी नाही हो… असो.

वर्ष संपलं. तक्तेवाली म्हणाली, "काका, आता तुमचं ऑपरेशन." मी म्हटलं, घाई काय आहे? अजून एक वर्ष ठेवा ना लक्ष! डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ होतायत. झालं. गळ्याला छोटासा छेद, आणि ती ग्रंथी बाटलीत. दाखवली मला. घेवड्याच्या दाण्याएवढी हो! एवढीशी! म्हटलं, हिनं मेव्हणीच्या साडीवर चहा सांडला?

पण आराम पडला, खोटं कशाला बोलू? पोखरणं थांबलं. झोप लागायला लागली. तीन आठवडे मी असा शांत, की शेजारी विचारायला आले, काका गावाला गेलेत का? मला वाटलं, जिंकलो! उरलेला माणूस चांगला निघाला!

आणि चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, टॉवेल ओला निघाला. मी ओरडलो. तसाच. अगदी पूर्वीसारखा, खणखणीत. आणि सवयीनं तोंडातून निघालं, "मी नाही हो, ती…" हात गळ्याकडे गेला. व्रण लागला बोटाला. ही समोर उभी. वर बघितलं तिनं.

धावत रुग्णालयात गेलो. सर्जनना म्हटलं, डॉक्टर, अजून तीन आहेत ना आत? त्यांतलीच एखादी असेल! त्यांनी रिपोर्ट बघितला. "त्या तिघी अगदी शहाण्या आहेत. कॅल्शियम उत्तम. आता जे काही आहे ते…" आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले हो! यापेक्षा त्यांनी मूतखडा काढला असता तर बरं!

घरी आलो आणि तोंडाला कुलूप. बोलायचंच नाही. काही झालं तरी मूग गिळून बसायचं. तर काय झालं माहितीये? मी गप्प बसलो, आणि घरात इतकी वर्षं जी जागा माझ्या आवाजानं भरलेली असायची, ती रिकामी झाली. आणि तिथं ही बोलायला लागली! आधी टॉवेलवर. मग बर्फावर. मग लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी हिला स्टेशनवर विसरून आलो होतो, त्याच्यावर. जेवताना, झाडताना, दात घासताना! आणि मला एकदम उजेड पडला. म्हटलं, सापडली! हिचीही वाढली! बायकांना तर जास्त होतो म्हणे हा आजार!

नेलं तक्तेवालीकडे. ती म्हणाली, "बरं झालं, आम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसं हवीच आहेत." म्हटलं, निरोगी? ऐकून तर बघ! रक्त घेतलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅल्शियम उत्तम. ग्रंथी उत्तम. चारही! हिनं कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे जे बोलते ते मीच बोलते ना? नक्की?" तक्तेवाली म्हणाली, "नक्की, काकू."

घरी आल्या आल्या ही स्टुलावर चढली. बॅग खाली काढली. म्हटलं संपलं, निघाली ही! चेन उघडली. चार साड्या, टॉवेल, चष्म्याचं जुनं घर, बहिणीच्या पत्त्याची चिठ्ठी. अहो, खरीच भरलेली होती ती! अकरा वर्षं! मला वाटायचं, नुसती भीती दाखवायला वर्तमानपत्रं कोंबली असतील. म्हटलं, नको जाऊस. एवढंच. लग्नानंतर मी हिला पहिल्यांदा 'नको' हळू आवाजात म्हटलं असेन.

ही साड्या एकेक करून कपाटात लावायला लागली. म्हणाली, "जाते कशाला? आत्ता तर माझा नंबर आलाय." आणि तक्तेवालीचा उरलेला कोरा तक्ता माझ्यासमोर आपटला. "लिहा."

बसलो. दुसरं येतं काय मला? तक्रार? "कप." कधी सुरू झाली? मी मनात म्हटलं, आता फसली, चिडचिडीला कुठं तारीख असते! तर ही म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी, जूनच्या चौदा तारखेला, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता." असते हो तारीख! वेळसुद्धा असते! तीव्रता? "तीव्र." अजून चालू? "चालू." कारण? पेन सवयीनं 'ग्रं' लिहून गेलं. हिनं फक्त बघितलं. वर नाही हो, आता वर बॅगच नाही. माझ्याकडे. खोडलं. लिहिलं, 'मी'. खाली सही केली.

तर आता रोज संध्याकाळी पाचला बसतो आम्ही. कप झाल्यावर ही थेट लग्नाच्या दिवसापासून सुरू झालीय. एकशे सदतीस झाल्या, आणि लग्नाचं अजून तिसरंच वर्ष चालू आहे. निघायला हवं मला, पाच वाजत आले. उशीर झाला तर ती वेगळी तक्रार. बत्तीस वर्षं खिडकीच्या या बाजूला बसलो, पण नोंद घेताना हात कसा दुखतो ते आत्ता कळलं. मी मान खाली घालून म्हणतो, "नोंद घेतली."

ती म्हणते, "पुढची!"