दोन पट्ट्यांच्या मधली वाट

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले प्रशिक्षक, वहिनी, आणि क्लबच्या सभासद मित्रमैत्रिणींनो,

सरांचा सहायक म्हणून दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. दोनात भागेल असं वाटत नाही, सांभाळून घ्या.

गोल्फ न खेळणाऱ्या पाहुण्यांसाठी सांगतो. भोकाजवळ आलेला चेंडू हळूच ढकलून आत घालायचा, ते पटिंग. हात सरळ चालावा म्हणून सर जमिनीवर धातूच्या दोन पट्ट्या ठेवतात. त्यांच्या मधून काठी न्यायची. वाकडी गेली की खट्ट वाजतं. त्यावरून तुम्ही सरांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणता. सरांना ते माहीत आहे, हसू नका.

पट्ट्यांनी फायदा होतो का? आपल्या खजिनदारांना विचारा. महिनाभरात त्यांचा हात सुधारला, मग त्यांनी पट्ट्या गाडीच्या डिकीत टाकल्या त्या आजही तिथेच आहेत.

सरांच्या मुलीनं त्या टाकल्या नाहीत. घरातल्या बोळात लहानपणापासून अंथरलेल्याच असत. वहिनी म्हणायच्या, “अहो, पोरीला जरा मोकळ्यावर खेळू द्या.” सर म्हणायचे, “हात पक्का होऊ दे.” हात पक्का झाला. मग निवड सामन्यात, शेवटच्या भोकापाशी, हातभर अंतरावरून तिनं काठी मागे नेली आणि ती पुढे येईना. आली ती झटका खाऊन. चेंडू भलतीकडे. पुन्हा तेच. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “बाबा, तिथे कडा नव्हत्या.”

त्यानंतर ती खेळलेली नाही. पाणी ओततानाही तिचं मनगट उडतं. सर तब्येतीमुळे जात आहेत असं पत्रिकेत छापलंय. त्यांना आता कुणाच्याही मुलाला त्या पट्ट्यांत उभं करवत नाही, म्हणून ते जात आहेत.

गेल्या आठवड्यात सामान बांधताना त्यांनी विचारलं, “खरं सांग. मी तिचा हात घडवला की मोडला?”

मी म्हटलं, “सर, शेकडो लोकांना फायदा झालाय.”

“शेकड्यांचं विचारलं नाही मी.”

तेव्हा मी खोक्याला दोरी बांधत राहिलो. आज उत्तर द्यायला तिचीच परवानगी घेतली. “बोला काका,” ती म्हणाली, “पण बाबांच्या समोर बोला, पाठीमागे नको.”

सर, मोडला. पट्टी चूक दाखवते, पण आता मला उचल असं ती सांगत नाही. आळशी माणसाला ती बाधत नाही. तुमची मुलगी आज्ञाधारक होती. हे उत्तर बरोबरच आहे अशी माझी खात्री नाही. आठवडाभर उलटसुलट करून एवढंच हाती लागलं.

आपल्याकडे निरोप घेणारा या गालिच्यावरून शेवटचा चेंडू आडव्या धरलेल्या पेल्यात घालतो. कार्यकारिणीनं प्रेमानं तिथे पितळी पट्ट्या मांडल्यात, चकचकीत घासून. सर, त्या तुम्ही स्वतःच्या हातांनी उचला. पेला दरवाजाजवळ बसलेली तुमची मुलगी धरणार आहे, उजव्या हातात. तो हलेल.

अध्यक्षमहाराजांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं बोललो असेन तर ते माझ्या पदरात घाला, सरांच्या नको. आणि एक विनंती. चेंडू पेल्यात गेला काय, न गेला काय, टाळ्या वाजवू नका.