चौथा लॅम्बर्गर

हसा, हसा — त्या पाटीला सगळेच हसतात. लॅम्बर्गर! कोकराच्या खिम्याचा बर्गर, तर तसं सरळ लिहावं की — पण नाही, आमच्या नवऱ्याने, डूगलने, मोठ्या हौसेने स्वतःच्या हाताने रंगवलीय ती. शहरातली, क्राइस्टचर्चची माणसं गाडी थांबवून आधी फोटो काढायची, मग खायची. बीट घालू ना? घालतेच — बिटाशिवाय बर्गर म्हणजे नुसता पाव.

पाइन लावणाऱ्या कंपनीचेच ना तुम्ही? बुटांवरून कळलं, कोरे करकरीत! नाही हो, तुमच्यावर कसला राग — जमीन विकायच्या सह्या आम्हीच केल्या. लोकरीला कोणी विचारत नाही, कातरणाऱ्यांची मजुरीसुद्धा सुटत नाही, मग करायचं काय? काल ट्रक आला, शेवटच्या मेंढ्या गेल्या. कुत्री ट्रकमागे धावली, आणि हा फाटकापाशी उभा — कुत्र्यांना बोलवायची शिट्टी तोंडात तशीच. वाजवलीच नाही.

आज सकाळी मात्र चांगला बोलला. म्हणाला, चार लॅम्बर्गर कर, कांदा चांगला परत, कुत्र्यांना नेतो. मला भरून आलं हो — तीन कुत्री, म्हणजे चौथा त्याचा. म्हटलं, चला, खातोय तरी! आठवडाभर धड जेवला नव्हता. पण मेंढ्यांच्या कुत्र्यांना घरचं अन्न कोणी देतं का? जन्मात नाही. देतात ते एकदाच — काम संपलं की, टेकडीमागे नेताना. माझ्या बापानेही असंच दिलं होतं. आणि मी बसले कांदा परतत! बंदुकीचं कपाट उघडं दिसलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. धावत गेले असते, पण ह्या कामाला तो कोणाला जवळ येऊ देत नाही — आणि जाऊन म्हणणार काय? मेंढ्या परत आणू?

ऐकलात बार? टिप असेल, तिन्ही कुत्र्यांत तोच आधी पुढे जातो. सॉस घ्या ना, घ्या — हा दुसरा. मेग. फ्लायला वेळ लागेल, म्हातारी झालीय, तिला तो उचलून घेतो, कानामागे खाजवत बसतो...

झाला. तिसरा झाला.

आता परत यायला त्याची बाइक सुरू व्हायला हवी. आवाज येतो इथवर, रोज येतो —

पैसे राहू द्या. आणि तो कागद वाजवू नका, साहेब. जरा गप्प बसा.